एरंडेलाचा डाग

आमच्या अब्बांच्या नाकाची वऱ्हाडातल्या कारंजा गावात ख्याती होती. दिसायला ते नाक काही खास नव्हतं, जरा बसकंच होतं, आणि तेच बसकं नाक माझ्या वाट्याला आलं म्हणून पुढे मी त्यांना पुष्कळ बोल लावले. पण त्या नाकावर आमचं घर चालायचं. कापसाच्या गाड्या बाजारात वळतात त्या कोपऱ्यावर आमचं अत्तराचं दुकान होतं. दुकानामागे एक खोली, खोलीमागे ओसरी, ओसरीवर शेगडी आणि शेगडीपाशी अम्मी. पहाटे अम्मी भाकरी थापायची त्याचा थप थप आवाज आणि दुकानात अब्बा कुप्यांची बुचं फिरवायचे त्याची चिरचिर, या दोन आवाजांवर मी जागी व्हायचे. घरात आम्ही काय बोलायचो ते सांगणं कठीण आहे. अब्बा उर्दूत सुरुवात करायचे आणि वऱ्हाडीत संपवायचे. अम्मी वऱ्हाडीत भांडायची आणि उर्दूत दुआ द्यायची. त्यांचं बोलणं मी इथे वऱ्हाडीतच लिहिते आहे, कारण माझ्या कानात ते दोघं तसेच बोलतात.

अब्बांच्या नाकाच्या गोष्टी बाजारात सांगितल्या जायच्या. मालेगावच्या एका जमीनदाराने म्हणे एकदा केवड्याच्या तीन कुप्या पुढे ठेवल्या, तर अब्बांनी बूच न काढताच मधली खोटी म्हणून बाजूला सारली. ही गोष्ट मी स्वतः त्यांना विचारली होती, तेव्हा ते म्हणाले, "बुच काढलं होतं व, लोकाइले तिखटमीठ लावल्याबिगर चैन पडत नाही." पण नाकारलं असलं तरी गालातल्या गालात हसलेच. त्यांच्या शिसवी पेटीत चाळीस कुप्या होत्या आणि एकीवरही चिठ्ठी नव्हती. अम्मी म्हणायची, चिठ्ठ्या लावा, मला आणि पोरीला हवी ती कुपी शोधता येत नाही. त्यावर अब्बांचं उत्तर ठरलेलं होतं: "नाकाले कायले चिठ्ठी पायजे?"

त्या हिवाळ्यात अब्बांना मोठा ताप आला. पंधरा दिवस अंथरुणात होते. उठले तेव्हा फार वाळले होते, पण उठले, म्हणून अम्मीने मोहल्ल्यात गूळ वाटला. त्यानंतर घरात एक गोष्ट बदलली आणि ती माझ्या जिभेला आधी कळली. जेवण तिखट होऊ लागलं. आमच्याकडचं तिखट म्हणजे काय ते वऱ्हाडाबाहेरच्या माणसाला सांगून उपयोग नाही, पण आम्हालाही ते झेपेना. अब्बा ठेचा वाढून घ्यायचे, परत घ्यायचे, म्हणायचे, "आजकाल मिरच्याइत दमच नाही." अम्मी दुसऱ्या दिवशी मूठभर मिरच्या जास्त टाकायची. मी डोळे पुसत भाकर खायचे आणि अम्मीला म्हणायचे, "मले मारून टाकतं काय?" ती माझ्या ताटात चमचाभर दही ओतायची. आता वाटतं, एवढं धडधडीत समोर होतं आणि मला कळलं नाही! तेरा वर्षांच्या पोरीला स्वतःच्या जिभेपलीकडे काही दिसत नाही, हेच खरं.

मग रमजान ईद आली. ईदेच्या सकाळी अब्बा नमाजला निघण्याआधी आम्हा सगळ्यांना रांगेत बसवायचे आणि अत्तरात भिजवलेला कापसाचा बोळा, म्हणजे फाया, एकेकाच्या कानाच्या पाळीत खोचायचे. कुणाला काय हे ठरलेलं होतं. अम्मीला खस, मला मोगरा, आणि स्वतःला हिना. हे त्यांनी लग्नाच्या वर्षी ठरवलं होतं, आणि मी जन्मले त्या वर्षी माझं ठरवलं. दरवर्षी तोच वास कानाशी आला की ईद सुरू झाली असं वाटायचं, नवे कपडे त्यानंतर. त्या वर्षी ईदेच्या आदल्या दिवशी अम्मीने मला पेटी पुसायला दिली. मी चाळीसच्या चाळीस कुप्या बाहेर काढल्या, लख्ख पुसल्या, आणि परत ठेवताना मला सुंदर कल्पना सुचली. उंच कुप्या मागे, बुटक्या पुढे, पायऱ्यांसारख्या! इतकी छान दिसायला लागली पेटी की मी अम्मीला बोलावून दाखवली.

सकाळी अब्बांनी पेटी उघडली, न बघता हात घातला, कुपी काढली, फाया भिजवला आणि अम्मीच्या कानात खोचला. हिना! खसचा थंडगार वास कुठेच नव्हता. मग माझ्या कानात गुलाब आला, जो मला अजिबात आवडत नाही. स्वतःच्या कानात त्यांनी मोगरा खोचला, नव्या नवरीसारखा, आणि आरशात टोपी नीट केली. मी तोंड उघडलं. अम्मीने माझ्याकडे बघितलं आणि ओठांवर बोट ठेवलं. तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं, ते बघून मी गप्प बसले. दिवसभर लोक येत होते, शीरखुर्म्याच्या वाट्या फिरत होत्या, आणि अम्मी नवऱ्याचा हिना कानात घेऊन सगळ्यांची गळाभेट घेत होती. मला वाटलं अब्बा थकलेत. मला वाटलं माझ्यावर रागावलेत. जे खरं होतं ते सोडून सगळं वाटलं.

आता शाळेचं सांगायला हवं. अब्बांनी मला मराठी शाळेत घातलं होतं, कारण त्यांचं म्हणणं, गिऱ्हाइकाच्या भाषेत शिकलेली पोरगी कुठे अडत नाही. आम्हाला सुशीलाबाई नावाच्या नागपूरहून आलेल्या तरुण बाई होत्या. अभ्यासक्रमात नसलेलं शिकवायची त्यांना भारी खोड. एक दिवस त्यांनी शाळेची परात पाण्याने भरली आणि पिशवीतून चक्क तोंडाला लावायच्या पावडरीचा डबा काढला. आम्ही खिदळलो. त्यांनी पाण्यावर पावडर भुरभुरली, सुईच्या टोकावर खसखशीच्या दाण्याहून लहान असा तेलाचा थेंब घेतला आणि मधोमध टेकवला. पावडर झपकन बाजूला पळाली! मधे स्वच्छ पाण्याचं एक वर्तुळ झालं, वीतभर रुंद, आणि तिथेच थांबलं.

"का थांबलं?" बाईंनी विचारलं. "परात तर अजून मोकळी आहे."

आम्ही परातीवर आणखी वाकलो. मग त्या म्हणाल्या, "तेल पसरत पसरत इतकं पातळ झालं की आता एकाच रेणूइतकी जाडी उरली. रेणू म्हणजे तेलाचा तेलपणा शिल्लक असलेला सगळ्यात लहान कण. त्याहून पातळ होणार कुठून?" फळ्यावर त्यांनी थेंबाचं आकारमान मांडलं, वर्तुळाच्या क्षेत्रफळाने भागलं आणि उत्तर काढलं. आमच्या एका केसाच्या जाडीत तसे तीस-चाळीस हजार थर मावतील असं निघालं. मी वेणीतला एक केस उपटून कितीतरी वेळ बघत बसले. पुढे मी स्वतः चौतीस वर्षं मुलींना रसायनशास्त्र शिकवलं, दरवर्षी परात आणि पावडर घेऊन वर्गात गेले आणि दरवर्षी एखादी पोरगी केस उपटायचीच.

अत्तरवाल्याची मुलगी असल्यामुळे माझा प्रश्न निराळा होता. "बाई, कापूर डबीतून आपोआप उडून जातो. मग तेल कायले उडत नाही? दोघाइचे रेणू एवढेच ना?"

बाई खूश झाल्या, पण उत्तर त्यांनी दुसऱ्या दिवशी, जाड पुस्तक बघून आल्यावर दिलं. सगळे रेणू सारखे नसतात. अणूंचे मणी तेच असतात, पण माळ कुणाची आखूड, कुणाची लांब. कार्बनचे मणी मोजले तर कापराच्या रेणूत दहा, चंदनाच्या तेलात पंधरा, आणि एरंडेलात सत्तावन्न. "लग्नघरी बघ," बाई म्हणाल्या, "एकटा पाहुणा चहा पिऊन सुटतो. पण लेकुरवाळं खटलं निघतो म्हटलं की एकाला आजी धरते, एकाला मावशी, तासभर दारातच. लहान रेणूला शेजारी कमी धरतात, तो हवेत सुटतो आणि तुझ्या नाकात येतो. मोठ्याला इतक्या ठिकाणी धरून ठेवलेलं असतं की तो उठतच नाही. म्हणून एरंडेलाला वास जवळजवळ नाहीच." मी वहीत लिहिलं: कापूर दहा, चंदन पंधरा, एरंडेल सत्तावन्न. त्या वेळी वाटलं होतं, परीक्षेला येईल.

ईदेनंतर महिन्याभराने चंदनतेलाचा व्यापारी आला. वर्षातून एकदा यायचा. चंदनाचं तेल म्हणजे अत्तराचा पाया, हिना काय, गुलाब काय, सगळ्यांची मुळं त्यातच रुतलेली. ते खोटं निघालं तर वर्षभर दुकानातली एकेक कुपी खोटी. लग्नघरं, दर्गा, देवळं, सगळी अब्बांच्या "हां"वर माल उचलायची. अब्बांचा हा शब्द एकदा बाटला की दुकानाला कुलूपच. रीत अशी होती की व्यापारी नमुन्याची कुपी ठेवून जायचा, ती एक दिवस आमच्या छपराखाली राहायची, आणि दुसऱ्या दिवशी अब्बा हो किंवा नाही म्हणायचे. नुसतं तेवढंच. कारण विचारायचं नाही, कारण द्यायचं नाही.

व्यापारी गेल्यावर अब्बांनी कुपी उघडली, हातावर थेंब घेतला आणि नाकाशी नेला. बराच वेळ तिथेच धरला. मग अम्मीला म्हणाले, "हुंगून पाय बरं, तुले वास कसा वाटते?" मी दाराआडून ऐकलं. अब्बांनी अम्मीला विचारलं! अम्मीने वास घेतला आणि म्हणाली, "मले तं चांगलाच वाटते. पन मी काय सांगू, मले काय समजते त्यातलं?"  अब्बा म्हणाले, "हां, चांगलाच हाय," आणि कुपी कोनाड्यात ठेवली.

दुपारी अम्मी शेजारी गेली. अब्बा ओसरीवर शेगडीकडे पाठ करून कापसाचे फाये वळत बसले होते. मी वहीचे तीन कोरे कागद फाडले. एकावर दुकानातल्या जुन्या, खात्रीच्या चंदनाचा थेंब, दुसऱ्यावर चंदनात भेसळीला वापरतात त्या एरंडेलाचा, तिसऱ्यावर नमुन्याचा. आमच्या लहानपणी एरंडेल नाही असं घर नव्हतं, आणि ते आठवून आजही माझं तोंड वाकडं होतं. मी तवा शेगडीवर उपडा घातला आणि कागद त्यावर पसरले. हिशेब साधा होता. पंधरा मण्यांचं चंदन ऊब लागली की उडून जाईल. सत्तावन्न मण्यांचं एरंडेल बसून राहील. पण माझ्या घाईने निखारे फार झाले होते. एक कागद तव्यावरून घसरला आणि पेटला.

तेलात भिजलेला कागद जळतो तेव्हा केवढी घाण सुटते! डोकं भणाणून जातं. मी विझवायला हात पुढे केला आणि मागे घेतला. अब्बा माझ्यापासून दोन हातांवर होते. कागद जळत होता. दुसराही धुमसू लागला. अब्बांनी एक फाया वळून ताटलीत ठेवला, दुसरा घेतला, आणि गुणगुणत राहिले. ज्या माणसाला गल्लीच्या तोंडाशी विडी पेटली तर कळायचं, त्याची मान हलली नाही. शेवटी धूर डोळ्यांत गेला तेव्हा ते वळले. आधी कागदाकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि त्यांना कळलं की मी मुद्दाम थांबले होते.

"कवापासून, अब्बा?" मी विचारलं.

"तापापासून." त्यांनी हातातला फाया ताटलीत ठेवला. "पाच महिने झाले. वाटलं, वास येईन परत. रोज पहाटे पैली हिनाची कुपी उघडतो. पानी हुंगल्यावानी लागते." मग म्हणाले, "तुह्या अम्मीले नोको सांगू."

"अम्मीले ठाऊक हाय."

"कसं काय?"

"ईदीले तुमी तिले हिना लावला."

अब्बा माझ्याकडे बघतच राहिले. "हिना? अन् ती तसाच घेऊन हिंडली?"

"दिसभर."

त्यांनी डोळ्यांवर हात ठेवला. मला रडू फुटलं. मी हुंदके देत सांगितलं की पेटी मी पुसली होती, कुप्या उंचीने लावल्या होत्या, सगळी माझी चूक. ते म्हणाले, "चूप, येडी पोट्टी. तू नसती लावली तं मी जल्मभर जागेवरून कुप्या काढत बसलो असतो." पण त्यांचा हात डोळ्यांवरच होता. "उद्या त्याले काय सांगू, मेहरू? हो म्हनलो अन् खोटं निघालं तं माही इज्जत गेली. नाही म्हनलो अन् चांगलं असलं तं वर्षभर दुकानात काय ठेवू?"

त्या क्षणी मला बाईंची परात आठवली आणि रडणं थांबलं. मी वही आणली आणि त्यांना वाचून दाखवली. मणी, माळ, दहा, पंधरा, सत्तावन्न. अब्बांनी मन लावून ऐकलं. या वेळी निखाऱ्यांवर आम्ही राख पसरली आणि तव्यावर तीन नवे कागद ठेवले. दोघं उकिडवे बसून बघत राहिलो. तासाभराने चंदनाचा डाग आक्रसत गेला. मग कागद उजेडात धरला तर डाग कुठे होता तेही सापडेना. एरंडेलाचा डाग जसाच्या तसा, कागदातून पलीकडचं दिसेल असा तुळतुळीत. आणि नमुन्याचा डाग लहान झाला, आणखी लहान झाला, आणि करवंदाएवढा उरला. आम्ही आणखी तासभर वाट पाहिली. तो हलला नाही.

"एरंडेल टाकलं हाय," अब्बा हळूच म्हणाले.

"अब्बा," मी म्हटलं, "एरंडेलाचे रेणू मोठे असतात. ते उडतच नाहीत, नाकापर्यंत येतच नाहीत. तुमचं नाक शाबूत असतं तरी हे कळलं नसतं."

माझं म्हणणं पूर्ण खरं होतं असं आज मी म्हणणार नाही. चंदन पातळ झालेलं मुरलेल्या नाकाला कळू शकतं. पण त्यांच्या चेहऱ्यावर पाच महिन्यांनी रंग आला. ते एकदम ताठ झाले. "समजलं असतं! मले समजलं असतं. तुह्या बाईले काय ठाऊक माहं नाक?" मला इतकं बरं वाटलं की मी हसत सुटले.

दुसऱ्या दिवशी व्यापारी आला. अम्मी आणि मी पडद्यामागे. अब्बांनी कुपी हातात घेतली, डोळे मिटले, आणि असा काही दीर्घ वास घेतला की नाटकातल्या नटाने शिकावा. मग कुपी खाली ठेवली आणि रीत मोडून कारण दिलं. "भाई, एरंडेल कायले टाकलं?" व्यापाऱ्याचं तोंड उघडंच राहिलं. "मियाँ, खुदा कसम, ये तो मुझे भी नाक से नहीं समझता!" एवढं बोलल्यावर त्याला नाही म्हणायला जागा उरली नाही. आठ दिवसांत तो दुसरं तेल घेऊन आला. तेही आम्ही तव्यावर तपासलं, आणि ते पुसट डागही न ठेवता उडून गेलं. बाजारात मात्र नवी गोष्ट सुरू झाली. ज्याला वासच नाही ते एरंडेलसुद्धा ओळखणारं नाक! अम्मी पाण्याच्या रांगेत ही गोष्ट ऐकून यायची आणि पदर तोंडात कोंबून हसायची. सुशीलाबाईंना मी खरं सांगितलं. त्यांनी कुणाला सांगितलं नाही, फक्त पुढच्या परीक्षेत मला दोन गुण जास्त दिले, तेही अक्षर चांगलं म्हणून.

बकरी ईदेच्या सकाळी आम्ही रांगेत बसलो. अब्बांनी पेटी उघडली, पण हात घातला नाही. पेटी माझ्या मांडीवर सरकवली आणि आपण माझ्या जागी अम्मीशेजारी जाऊन बसले. "लाव," म्हणाले.

मी एकेक बूच काढून वास घेतला. खस सापडला तो अम्मीच्या कानात खोचला. तिने डोळे मिटले आणि कितीतरी वेळ उघडले नाहीत. मग मी हिना शोधला, फाया भिजवला आणि अब्बांच्या कानात खोचला. ते वाट बघत बसले, जणू आता येईल.

"सांग," शेवटी म्हणाले. "कसा हाय?"

मी वाकून त्यांच्या कानाशी नाक नेलं. "पैले ओली मेंदी," मी म्हटलं. "मंग धूर, थोडासाच. मंग केशर. अन् सगळ्याच्या खाली आपलं दुकान."

"केशर उशिरा येते?"

"उशिरा येते. अन् लय वेळ राह्यते."

"हां," अब्बा म्हणाले. "मंग तोच हाय." त्यांनी टोपी घातली, उठले, दारापर्यंत गेले आणि परत फिरून माझं बसकं नाक चिमटीत धरलं. "माहं नाक तुह्यापाशी ठेवलं हाय, मेहरू. सर्दी नोको होऊ देजो."